थोरल्या बाईंचे म्हणणे

विश्रामशेट सोनाराने दुकानातून हाक मारली नसती तर त्र्यंबक दातार त्या सोमवारी नेहमीप्रमाणे पावणेसहाला घरी पोचला असता. ठाण्याच्या शाळेतले शिकवणे संपवून तो तलावाच्या वळणावर दिसला की समोरचा वाणी दिव्याची काच पुसायला घेई, इतका त्याचा नेम होता. शेटने बैठकीवरून न उठताच तांबड्या कागदाची पुडी पुढे केली. "बरं झालं दिसलात, मास्तर. बाईंचं काम कालच तयार झालंय. आता कुणाबरोबर धाडायला नको." त्र्यंबकाने पुडी उलगडली. आत अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा पत्रा होता. कडेला रव्यांची ओळ, वर दोरा ओवायला कडी, आणि मध्ये ठोकून उठवलेली एक उभी बाई. नथीच्या जागी एक टिंब होते. त्याच्या चेहऱ्याकडे पाहत शेटने आपण होऊन खुलासा केला की चांदी बाईंनी स्वतःच्या वाळ्यांची दिली होती, घट फारशी आली नाही. मग जरा संकोचून म्हणाला, "तुमच्या थोरल्या बाईंना मी काही पाहिलं नव्हतं, तेव्हा चेहरा आपला देवीचाच धरला."

त्र्यंबकाने पुडी खिशात घातली, मान हलवली आणि तो चालू लागला. घराकडे न वळता तो तलावाच्या कडेने सरळ पुढे गेला, हे त्याला बरेच पुढे गेल्यावर कळले. टाक काय असतो हे त्याला कोणी सांगण्याची गरज नव्हती. बायको मेल्यावर माणसाने दुसरे लग्न केले की दुसरीने पहिलीची प्रतिमा चांदीत घडवून गळ्यात घालायची. नवे लुगडे आधी तिला दाखवायचे, मग नेसायचे. कुंकू आधी तिला, मग स्वतःला. तसे केले नाही तर मेलेली सवत घरात वावरते, भांडी वाजवते, पोरेबाळे आजारी पाडते. त्याच्या पहिल्या बायकोला, सुमतीला, जाऊन तीन वर्षे झाली होती. विषमज्वराच्या एकविसाव्या दिवशी, सकाळी सव्वानऊला, ती गेली. तिचे कपडे त्याने धर्मार्थ दवाखान्यात देऊन टाकले होते, आणि तिच्या वस्तूंपैकी घरात काही ठेवायचे नाही हे त्याने पूर्ण विचाराअंती ठरवले होते. आठ महिन्यांपूर्वी त्याने प्रमोदिनीशी लग्न केले. तिच्या पत्रिकेत मंगळ असल्यामुळे ती अठरा वर्षांची होईपर्यंत पेणमध्ये बापाच्या घरी बिनलग्नाची राहिली होती. मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ येतो तेव्हासुद्धा साडेतीन कोटी मैलांवर असतो, आणि पेणमधल्या कोणाचे लग्न कोणाशी होते याची त्याला खबर असण्याचे कारण नाही, असे त्र्यंबकाने तिच्या वडिलांना सांगितले तेव्हा त्या गृहस्थांना रडू आवरेना. टाकाचा विषय लग्नाच्या वेळी निघालाच होता. तो त्याने तिथल्या तिथे, तीन मुद्द्यांत, निकालात काढला होता. आणि आता तो टाक त्याच्या खिशात, खडूच्या तुकड्याशेजारी होता.

टाक पाळणाऱ्या घरातच तो वाढला होता. कल्याणास त्याच्या वडिलांनी, म्हणजे भाऊंनी, घेतलेले ते घर जुने नव्हते, मोठेही नव्हते; कचेरीतल्या कारकुनाला शोभेल असे चार खोल्यांचे, गावाच्या उंच अंगाला, कातळावर बांधलेले. स्वयंपाकघराशेजारी एक काळोखी खोली होती. तिच्यात भाऊंची पहिली बायको बाळंतरोगाने गेली होती. त्र्यंबकाची आई त्या घरात आली तेव्हा बारा वर्षांची होती, आणि तिने पहिल्या दिवसापासून त्या बाईला गळ्यात वागवले. घरात तिला थोरल्या बाई म्हणत. त्र्यंबकाला लहानपणी असे वाटे की प्रत्येक घरात एक थोरली असते आणि ती दिसत नाही, जसे प्रत्येक घरात एक आढे असते आणि ते माळ्यामुळे दिसत नाही. तिची त्याला भीती नव्हती. तिचा अडथळा होता. लोणच्याची बरणी उघडली की पहिली फोड तिची. नव्या परकराला नंदाने, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीने, हात लावायच्या आधी तो आईच्या गळ्याशी टेकला जाई. त्या काळोख्या खोलीत तांदळाच्या कणग्या होत्या, आणि उन्हाळ्यात दुपारी कधीकधी तिथे ओव्याच्या धुराचा वास येई, बाळंतिणीला शेक देतात तसा. ओव्याच्या वासाचे कारण पुढे सापडले. पलीकडच्या घरची एक म्हातारी दमेकरी बाई भिंतीला टेकून निखाऱ्यावर ओवा टाकीत बसे आणि भिंतीच्या माथ्याला हातभर फट होती. तरी आजही ओव्याचा वास आला की त्र्यंबकाच्या मानेवरचे केस उभे राहत. कारण कळल्याने वास नाहीसा होत नाही आणि शहाराही जात नाही, हे त्याने स्वतःवरून ताडले होते. शरीराला पुरावा उशिरा पोचतो, एवढेच तो म्हणे.

मुख्य गोष्ट भांड्यांची होती. स्वयंपाकघरातल्या फळीवर पितळेच्या तपेल्या पालथ्या मांडलेल्या असत आणि त्या आपोआप वाजत. मोठ्याने नव्हे, दाताला दात लागावा तशा, चार-पाच पळे, आणि मग एक लांबट गुणगुण. दिवसाउजेडी, बहुधा दिवेलागणीच्या थोडे आधी, भाऊ कचेरीतून येऊन पाय धुऊन चहाऐवजी गूळपाणी घेत बसलेले असत तेव्हा. भाऊ मोठे करडे गृहस्थ होते. त्यांच्यापुढे कोणी दुसऱ्यांदा बोलत नसे, कारण पहिल्यांदा बोललेल्याला ते उत्तर देत नसत. परंतु तपेल्या वाजल्या की त्यांचा हात थबके. पहिल्या बायकोशी आपण कसे वागलो होतो हे त्यांना एकट्याला माहीत होते, आणि ते त्यांनी कधी कोणाला सांगितले नाही. कधीकधी त्या वाजायच्या जरा आधी आई खाली मान घालून म्हणे, थोरल्या बाई आज दुपारी स्वप्नात आल्या होत्या. मग काय म्हणाल्या ते सांगे. फार थोड्या वेळा असे झाले. आईने तो प्रकार जपून वापरला. त्र्यंबक बारा वर्षांचा असताना भाऊंनी त्याला कचेरीत उमेदवारीला लावायचे ठरवले होते. तेव्हा थोरल्या बाई आल्या आणि म्हणाल्या की माझ्या घरचा मुलगा कारकुनी करणार नाही, त्याला मुंबईस इंग्रजी शाळेत घाला. तपेल्या वाजल्या. जूनमध्ये त्र्यंबक मुंबईस गेला. पदार्थविज्ञान, ध्वनीचे नियम, कंपने, आंदोलकाचा काल, जे जे काही तो पुढे शिकला आणि ज्याच्या आधाराने त्याने भुतांना निकालात काढले, ते सगळे एका भुताच्या शिफारशीने त्याच्या पदरात पडले होते. ही गोष्ट तो आपल्या मित्रांत विनोद म्हणून सांगे. त्यापुढची गोष्ट सांगत नसे.

पुढची गोष्ट अशी. तो कॉलेजच्या पहिल्या वर्षी असताना मे महिन्याच्या सुटीत घरी आला. नंदा तेव्हा बारा वर्षांची होती. तिला भिवंडीच्या एका बिजवराने मागणी घातली होती. वय पंचेचाळीस, शेतीवाडी बरी, पहिलीची तीन मुले. भाऊंना स्थळ पसंत होते, आणि दोन वर्षे ते लग्न अडले होते ते थोरल्या बाईंना पसंत नव्हते म्हणून. त्र्यंबकाला हे ठाऊक होते, पण त्याच्या डोक्यात ते त्या वेळी तपेल्यांशी जोडलेले नव्हते. बहिणीचे लग्न ही बायकांची बाब आणि तपेल्यांचे वाजणे ही निसर्गाची, अशी दोन खाती होती. अकरा दिवस तो वही घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला. पालथ्या तपेलीच्या बुडावर त्याने मोहरीचे दाणे ठेवले आणि ते नाचताना पाहिले. मग स्टेशनावर गुणाजी म्हणून एक सांधेवाला होता त्याच्याकडून घाटाकडे जाणाऱ्या मालगाड्यांच्या वेळा उतरून आणल्या. गुणाजीला फार हसू आले. "आवो, आमची गाडी तुमच्या घरात शिरते का काय?" अकरापैकी अकराही दिवस वेळा जुळल्या. गाडी भरलेली असेल तर रूळ दबे, रुळाखालचा कातळ तोच घराखाली होता, आणि त्या एका लांबीच्या कंपनाला नेमक्या त्या तपेल्या साथ देत. इतके स्वच्छ, इतके सुंदर उत्तर त्याला पुढच्या आयुष्यात कोणत्याही प्रश्नाचे सापडले नाही.

त्याने ते आधी आईला सांगितले. ती भाकरी थापत होती. तिला आश्चर्य वाटले नाही, हे त्याला तेव्हा जाणवले आणि त्याचा त्याने अडाणीपणा असा अर्थ लावला. ती म्हणाली, "वहीत लिहिलंस ना? मग वहीत राहू दे." त्याने विचारले, का? तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवले, आणि म्हणाली, "त्र्यंबका, खरं असलं म्हणून सगळं सांगायलाच हवं का?" त्याने तिला सांगितले की हवे. त्याच दिवशी संध्याकाळी भाऊ आल्यावर त्याने त्यांना स्वयंपाकघरात बसवले, खिशातले घड्याळ पुढे ठेवले आणि म्हटले, आता सात मिनिटांनी. नंदा दाराशी उभी होती आणि भावाच्या हुशारीने तिचा चेहरा फुलला होता. तपेल्या वाजल्या, बरोबर सातव्या मिनिटाला. त्याने कातळ, रूळ, मोहरी सगळे समजावून सांगितले. भाऊ रागावले नाहीत. त्यांचे खांदे खाली आले, पुष्कळ दिवसांचे ओझे उतरावे तसे. मग त्यांनी आईकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "म्हणजे दोन वर्षं मी गाडीचं ऐकत होतो." आठ दिवसांत सुपारी फुटली. नंदा भिवंडीस गेली, आणि लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, वयाच्या पंधराव्या वर्षी, बाळंतपणात गेली. आई टाक शेवटपर्यंत गळ्यात घालीत राहिली. कुंकू लावी, लुगडे टेकवी. पण थोरल्या बाई त्यानंतर कधी काही म्हणाल्या नाहीत, आणि घरात भाऊंखेरीज कोणाचेच म्हणणे उरले नाही.

आईला गाडी माहीत होती. हे त्याच्या ध्यानात यायला बारा वर्षे लागली, तोवर आई गेली होती. आई नेहमी आधी बोलायची आणि तपेल्या मागून वाजायच्या. जी बाई घड्याळ वाचू शकत नव्हती तिने सावल्यांवरून, कावळ्यांवरून, कशावरून कोण जाणे, ती वेळ इतकी अचूक पकडली होती की तिचे वाक्य संपावे आणि गाडीने होकार द्यावा. त्याच्या अकरा दिवसांच्या आधी तिची कितीतरी वर्षांची निरीक्षणे होती. वही नव्हती, एवढाच फरक. शोध तिचा होता. त्याने फक्त तो प्रसिद्ध केला.

एका निरीक्षणाचा मात्र त्याला आजवर मेळ घालता आला नव्हता, आणि प्रामाणिकपणासाठी तो ते स्वतःपाशी अधूनमधून काढून पाही. नंदा गेल्याची बातमी भिवंडीहून आली तेव्हा आषाढ होता. घाटाखाली पूल खचला होता आणि दोन दिवस एकही गाडी सुटली नव्हती; हे त्याने नंतर गुणाजीला विचारून पक्के केले. त्या दुपारी आई आणि तो स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले होते, आणि तपेल्या वाजल्या. दोघांनी ऐकल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. कुठे सुरुंग उडाला असेल, दरड पडली असेल, पुलाच्या कामासाठी एखादे एकटे इंजिन नेले असेल. अशी सहा कारणे संभवत होती आणि त्यांपैकी एकही तपासणे शक्य नव्हते. एका निरीक्षणावरून सिद्धान्त मांडता येत नाही. मोडताही येत नाही, हे तो वर्गात सांगत नसे.

तलावाची फेरी पुरी होऊन तो पुन्हा सोनाराच्या दुकानासमोर आला तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. विश्रामशेटने मान वर करून पाहिले आणि पुन्हा फुंकणी तोंडाला लावली. घरी काय बोलायचे याची मांडणी झाली होती. पहिला मुद्दा, मृत्यूनंतर जाणीव उरते याला पुरावा नाही. दुसरा, असती तरी ती चांदीत राहण्याचे कारण नाही. तिसरा, नवऱ्याला न विचारता केले. तिसरा मुद्दा आठवताच तो किंचित अडखळला, कारण तो शास्त्रातला नव्हता. पण चाल थांबली नाही. घरात वादात त्याला आजवर कोणी जिंकले नव्हते. याचा त्याला गर्व नव्हता. वाद स्वच्छ केला की घर स्वच्छ राहते, अशी त्याची समजूत होती. सुमतीच्या मुलीला, चित्राला, पुण्याच्या मुलींच्या शाळेत, तिथल्या वसतिगृहात ठेवायचे, हेही असेच स्वच्छ ठरले होते. मुलगी नऊ वर्षांची, बुद्धीने तल्लख, ठाण्यात मुलींना चौथीपुढे सोय नाही. गुरुवारी निघायचे. फक्त तिथल्या व्यवस्थापक बाईंना होकाराचे शेवटचे पत्र उद्याच्या टपालाने जायचे होते.

ओटीवर पत्र्याची नवी पेटी उघडी होती आणि तिच्यात चित्राचे परकर-पोलकी घड्या करून ठेवलेली होती. चित्रा स्वतः शेजारी रखमाबाईंकडे त्यांच्या पाळण्याला झोका द्यायला गेली होती. प्रमोदिनी सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. त्याला उशीर का झाला हे तिने विचारले नाही. त्र्यंबकाने पुडी सुपाशेजारी ठेवली आणि विचारले, हे काय आहे. तिने पुडीकडे पाहिले. "आपल्याला ठाऊक आहे काय आहे ते." त्याने पहिला मुद्दा सांगितला. तिने दोन खडे वेचले. त्याने दुसरा मुद्दा सांगितला. आपला आवाज चांगला, संयमी लागला आहे हे त्याला ऐकू येत होते, आणि ऐकता ऐकता त्याला असेही ऐकू आले की याच चढउताराने, याच क्रमाने, एकदा तो कातळ आणि रूळ समजावून देत होता. तिसरा मुद्दा त्याने सांगितला नाही.

ती उठली. कोनाड्यात काळा दोरा आधीच वळून ठेवलेला होता. तो तिने कडीतून ओवला, गळ्याशी नेऊन गाठ मारली, आणि पुन्हा सुपापाशी येऊन बसली. "पोरीला आई दाखवायला घरात काही नाही," ती म्हणाली. "एक लुगडंसुद्धा नाही. मला विचारते, माझी आई कशी होती. मी कुठं पाहिलीय?" त्र्यंबक म्हणाला की चेहरा सोनाराने देवीचा काढला आहे. "असू दे," ती म्हणाली. मग तिचे हात थांबले. तिने मान खाली घातली आणि एका दमात, पाठ केल्यासारखे, म्हणाली, "काल दुपारी त्या स्वप्नात आल्या होत्या. थोरल्या बाई. चित्रीला पुण्याला धाडू नका म्हणाल्या. यंदा तरी नको. पोर आत्ता कुठं मला हाक मारायला लागली आहे, म्हणाल्या."

शेवटचे वाक्य मेलेल्या बाईच्या तोंडी बसत नव्हते. हे त्याला लगेच दिसले, गणितातली चूक दिसते तसे. शिवाय काल दुपारी ती झोपलीच नव्हती. रखमाबाईंबरोबर ओटीवर पापड वाळत घालीत होती, आणि टाक तर सोनाराच्या ऐरणीवर होता. एका वाक्यात हे सगळे मोडता आले असते. ते वाक्य त्याच्या तोंडात तयार होते आणि त्याची चव त्याला परिचित होती. प्रमोदिनीचा हात सुपाच्या कडेवर घट्ट होता, बोटांची टोके पांढरी पडली होती. ती घाबरली होती. थोरल्या बाईंना नव्हे. त्र्यंबक त्या बोटांकडे पाहत राहिला. तिला इथे वाजायला तपेल्या नव्हत्या, साथीला गाडी नव्हती. नखाएवढी चांदी आणि एक न पडलेले स्वप्न घेऊन ती त्याच्यासमोर बसली होती. त्याने आजवर हात उगारला नव्हता, आवाज चढवला नव्हता. भाऊ ज्याला उत्तर देत नसत, त्याला तो संपूर्ण उत्तर देई. इतकाच फरक होता, आणि समोर बसणाऱ्याला तो कितपत जाणवत असेल याचा त्याने कधी विचार केला नव्हता.

तो पाटावर बसला. "हे ती म्हणते," त्याने विचारले, "की तू म्हणतेस?"

प्रमोदिनीने वर पाहिले. "मी म्हटलं होतं. दोनदा. ते आपल्याला ऐकू आलं नाही."

त्र्यंबकाला आठवावेसे वाटले. स्मरणशक्ती त्याची चांगली होती. सतरा वर्षांपूर्वीच्या मालगाड्यांच्या वेळा तो अजून सांगू शकला असता. पुण्याचे पहिले पत्र आले त्या दिवशी आपण 'असे वाटणे साहजिक आहे' असे म्हटल्याचे त्याला आठवले. आणखी एकदा, जेवताना, 'भावना आणि हित या दोन गोष्टी आहेत' असे आपण म्हटल्याचेही आठवले. म्हणजे त्याच्या आधी ती काहीतरी बोलली होती. स्वतःची दोन्ही उत्तरे त्याला शब्दशः आठवली. तिचे बोलणे आठवेना. ते शोधायला गेले की तिथे फक्त तिची मान दिसे, खाली घातलेली.

"शिकू नये असं म्हणत नाही मी," ती घाईने म्हणाली. "आपण शिकवा की. वर्षभर घरी शिकवा. मग तिचं तिला जावंसं वाटलं तर जाऊ दे. मला आता आई म्हणते ती. चारच दिवस झाले."

त्याने दौत-टाक घेतले. पत्राचा मायना घातला, आणि कारणापाशी येऊन तो थांबला. मुलीची प्रकृती ठीक नाही, असे लिहिण्याची रीत होती. त्याने 'मुलीची प्रकृ' इथपर्यंत लिहिले आणि खोडले. त्याला खोटे लिहायचे नव्हते. सवयीने नव्हे, आज पहिल्यांदाच निकडीने. पलीकडच्या घरातून पाळण्याच्या कड्यांचा आवाज येत होता आणि चित्रा कुठलेसे गाणे मध्येच विसरून पुन्हा पहिल्यापासून म्हणत होती. त्याने नवा कागद घेतला, दोन ओळी लिहिल्या, वाळू टाकून झटकली. प्रमोदिनीला अजून जोडाक्षरे वाचता येत नव्हती, म्हणून त्याने वाचून दाखवले. "मुलीस आपल्याकडे पाठविण्यास माझ्या पत्नीची संमती नाही. सबब या वर्षी पाठवीत नाही."

सुपातले तांदूळ तसेच राहिले. मग पदर डोक्यावर सारखा करीत ती म्हणाली, "पुन्हा एकदा वाचा."

त्याने पुन्हा वाचले. या वेळी जरा सावकाश.